जुन्या वळणाचे फर्स्ट-पर्सन शूटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेट्रो शूटर म्हणजे नेमके कोणते गेम?

डूम (१९९३), ड्यूक न्यूकेम ३डी (१९९६), क्वेक (१९९६) आणि ब्लड (१९९७) यांचे नियम आणि रूप समोर ठेवून अलीकडे बनवलेले, खेळाडूच्या नजरेतून दिसणारे गोळीबाराचे गेम. डस्क (२०१८), अमिड ईव्हिल (२०१९), आयन फ्युरी (२०१९), प्रोडियस (२०२२) आणि कल्टिक (२०२२) ही त्यातली ठळक नावं. थट्टेनं पडलेलं ‘बूमर शूटर’ हे नाव आता सर्रास चालतं.

यातले काही गेम खरोखरच जुन्या इंजिनावर (गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) उभे आहेत. आयन फ्युरी ड्यूक न्यूकेमच्याच बिल्ड इंजिनावर आहे, रॅथ: ईऑन ऑफ रुइन क्वेकच्या इंजिनावर, तर हेडन आणि सेलॅको जीझेडडूमवर, म्हणजे डूमच्या सुधारित इंजिनावर. डस्क मात्र युनिटीवर आणि अमिड ईव्हिल अनरिअल ४ वर बनलाय. खेळण्याच्या मजेत यानं फारसा फरक पडत नाही. पण सेटिंगमध्ये काय बिघडेल आणि ते कुठे सापडेल, हे इंजिनावरूनच ठरतं.

ग्राफिक्स इतके जुनाट असताना लोक हे का खेळतात?

कारण समोर काय चाललंय ते एका नजरेत कळतं. डूममधला इम्प नावाचा राक्षस आगीचा गोळा टाकतो तेव्हा तो गोळा दर टिकला १० युनिट सरकतो. टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा ठोका, सेकंदाला ३५; युनिट हे मॅपमधल्या अंतराचं माप. धावणारा खेळाडू दर टिकला साधारण १६.७ युनिट कापतो, म्हणजे तुम्ही धावताना त्या गोळ्यापेक्षा वेगवान असता. चालत राहिलात तर वेग ८.३, म्हणजे गोळ्यापेक्षा कमी. गोळा दिसतो, कुठून येतोय ते कळतं, आणि चुकवणं तुमच्या पायांत असतं. मार बसला तर दोष कुणाचा याबद्दल शंका उरत नाही.

दुसरी गोष्ट बंदुकांची. चांगल्या रेट्रो शूटरमध्ये प्रत्येक बंदुकीला स्वतःचं काम असतं. डूमची चेनगन आकड्यांत फार मोठी नाही, पण पिंकी राक्षसाला गोळी लागली की तो कळवळून थबकण्याची शक्यता २५६ पैकी १८०. सतत गोळ्या चालू ठेवल्या तर तो जवळच येऊ शकत नाही. रॉकेटचा स्फोट १२८ युनिटपर्यंत पोचतो, त्यामुळे घोळक्यासाठी उत्तम आणि अरुंद बोळात आत्मघातकी. शत्रू, बंदूक आणि खोलीचा आकार या तिघांचं गणित दर काही सेकंदांनी नव्यानं मांडावं लागतं. पिक्सेल आणि वेग हे वरचं रूप झालं. खरी गोडी या गणितात आहे. ज्या गेमांनी फक्त रूप उचललं, ते तासाभरात कंटाळवाणे होतात.

लोकांना हे फक्त जुन्या आठवणींमुळे आवडतात का?

थोडंफार खरं आहे. पण डूम आला तेव्हा जन्मालाही न आलेली मुलं त्याचे नवे मॅप बनवतात, त्याचं स्पष्टीकरण आठवणींनी होत नाही.

आठवणी एक गोष्ट मात्र लपवतात. त्या काळी पहिला एपिसोड शेअरवेअर म्हणून फुकट वाटायचे आणि बाकीच्यांचे पैसे घ्यायचे. साहजिकच सगळी मेहनत पहिल्या भागावर व्हायची. लोकांना आठवतो तोही पहिलाच भाग. आजचे अर्ली ॲक्सेसमधले (पूर्ण होण्याआधीच विकायला काढलेले) गेम याच वाटेनं जातात: पहिला एपिसोड वर्षभर घासूनपुसून चकचकीत केलेला आणि तिसऱ्यात त्याच खोल्या, तेच शत्रू, फक्त संख्येनं दुप्पट. विकत घेण्याआधी शेवटच्या एपिसोडबद्दल लोक काय म्हणतात ते वाचा. पहिल्याचं कौतुक सगळीकडेच असतं.

मग या प्रकारातल्या खऱ्या उणिवा कोणत्या?

सर्वांत मोठी म्हणजे वाट हरवणं. निळी किल्ली मिळाली, निळं दार कुठे होतं ते आठवत नाही, सगळे शत्रू आधीच मेलेले, आणि तुम्ही रिकाम्या दालनांतून भिंती चाचपत फिरताय. चांगला मॅप किल्ली उचलताच परतीच्या वाटेवर नवे शत्रू सोडतो, किंवा दार आधीच खिडकीतून दाखवून ठेवतो. वाईट मॅप दूर कुठेतरी उघडलेल्या दाराचा नुसता आवाज ऐकवतो. अडकलात तर आधी ऑटोमॅप उघडा (बहुतेक ठिकाणी टॅब). डूममध्ये बंद दारांच्या रेषा वेगळ्या रंगात दिसतात, न पाहिलेला कोपरा लगेच सापडतो. भिंतीचं टेक्सचर (वर चिकटवलेलं चित्र) एखाद्या ठिकाणी जरासं सरकलेलं दिसलं तर तिथे वापराची कळ दाबून पाहा. क्वेकमध्ये अशा भिंतीवर गोळी झाडायची.

दुसरी उणीव हिटस्कॅन शत्रूंची. यांची गोळी हवेतून प्रवास करत नाही, झाडली त्याच क्षणी लागते. डूम २ चे चेनगनवाले आणि ब्लडचे बंदूकधारी पुजारी याच जातीचे. ते चुकवता येत नाहीत, आडोसा घ्यावा लागतो, म्हणजे ज्या धावपळीसाठी गेम घेतला तीच थांबते. मोजके असले तर चव येते. प्रत्येक कोपऱ्यावर उभे केले तर दर दहा पावलांना सेव्ह करण्याची सवय लागते.

तिसरी, कुलूपबंद आखाडे. खोलीत शिरलात, दारं बंद, तीन लाटा मारल्या, दारं उघडली. डूम (२०१६) मध्ये हे ठळकपणे दिसतं. १९९३ च्या डूममध्ये बहुतेक वेळा पळून जायची, शत्रूला दुसऱ्या खोलीत खेचायची किंवा दोन जातींचे राक्षस आपसांत भिडवायची मुभा होती. इम्पचा गोळा पिंकीला लागला की पिंकी त्याच्यावरच उलटतो. आखाड्यातही हे होऊ शकतं, पण जागा बंदिस्त असली की युक्त्या संपतात आणि गोल गोल धावणं उरतं.

याशिवाय जाड कातडीचे शत्रू, ज्यांना मारायला नुसता वेळ लागतो. रक्तमांसाच्या कचऱ्यात न दिसणारे गोळे. आणि सगळ्या लढायांना एकाच पट्टीचं कर्कश मेटल संगीत. क्वेकचं संगीत ट्रेंट रेझनरनं केलं आणि त्यात बराचसा भाग नुसत्या घुमणाऱ्या, अस्वस्थ करणाऱ्या आवाजांचा आहे. अनुकरण करणाऱ्यांना हे अनेकदा लक्षातच येत नाही.

कथा बेताची असते. ती उणीव धरायची की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

काही रेट्रो गेम डोळ्यांना खटकतात. नेमकं काय चुकतं?

बहुतेक वेळा पिक्सेलच्या आकारात मेळ नसतो. डूममध्ये भिंतीचा एक टेक्सेल (टेक्सचरचा एक ठिपका) म्हणजे मॅपचं एक युनिट, त्यामुळे भिंत आणि राक्षस एकाच ठशातले वाटतात. नव्या गेममध्ये भिंतीवर जाडजूड ठोकळे, हातातली बंदूक चौपट बारकाईची आणि वर तलम अक्षरांचा मेनू असा प्रकार दिसतो. त्यावर ब्लूम (उजेडाची झळाळी) आणि धुकं चढवलं की रंगांची शिस्त मोडते. जुन्या गेमांना २५६ रंगांच्या पॅलेटमध्ये भागवावं लागायचं, आणि शत्रू पार्श्वभूमीवर उठून दिसावा म्हणून रंग विचारपूर्वक वाटावे लागायचे.

मूळ डूम ३२०×२०० मध्ये काढलेला आहे, पण ४:३ च्या पडद्यावर दाखवला जायचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच. तुमच्या पोर्टमध्ये (जुना गेम आज चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) राक्षस बुटके आणि पसरट दिसत असतील तर आस्पेक्ट रेशोची दुरुस्ती बंद आहे. आणि सगळं साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखं पुसट दिसत असेल तर टेक्सचर फिल्टरिंग ‘निअरेस्ट’वर किंवा ‘नन’वर न्या.

खेळताना मळमळतं, चक्कर येते. काय करावं?

आधी थांबा. रेटून खेळल्यानं सवय होत नाही, उलट पुढच्या वेळी त्रास लवकर सुरू होतो. बरं वाटल्यावर पुढच्या क्रमानं सेटिंग बदला, आणि एका वेळी एकच बदला म्हणजे दोषी कोण ते कळेल.

पहिला बदल डोकं हलण्याचा. ‘व्ह्यू बॉब’ किंवा ‘हेड बॉब’ शून्यावर आणा. बंदुकीचं हलणं वेगळं सेटिंग असतं, ते ठेवलं तरी चालतं. क्वेकमध्ये बाजूला सरकताना कॅमेरा कलतो आणि मार बसल्यावर झटका बसतो; हे दोन्ही वेगळे बंद करावे लागतात.

दुसरा, दृष्टिक्षेत्र म्हणजे एफओव्ही. मूळ गेम ४:३ पडद्यावर ९० अंश धरून बनलेले आहेत. १६:९ पडद्यावर तितकीच उंची दिसायला आडवा कोन १०६ अंश लागतो. बऱ्याच जणांचा त्रास फक्त हा आकडा ९० वरून १०५ च्या आसपास नेल्यानं जातो. काही गेम उभा कोन मोजतात. तिथे ७४ म्हणजेच ४:३ वर आडवे ९० आणि १६:९ वर आडवे १०६. त्यामुळे मेनूत ७४ दिसलं म्हणून तो सरळ १०६ करू नका, चित्र माशाच्या डोळ्यातून पाहिल्यासारखं होईल.

तिसरा, फ्रेम रेट. चॉकलेट डूम हा पोर्ट मूळ गेमशी प्रामाणिक राहून सेकंदाला ३५ च फ्रेम दाखवतो. त्यानं त्रास होत असेल तर क्रिस्पी डूम घ्या आणि फ्रेमची मर्यादा उठवा. खेळ तोच राहतो, हालचाल गुळगुळीत होते. मोशन ब्लर आणि माउस स्मूदिंग तर कुठेही दिसलं की बंद.

माउसची सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी?

आकडा गेमागणिक बदलतो, म्हणून अंतर मोजा: पूर्ण गोल फिरायला माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो. क्वेकच्या घराण्यातल्या गेममध्ये माउसची एक नोंद म्हणजे ०.०२२ अंश गुणिले सेन्सिटिव्हिटी. ८०० डीपीआय (माउस इंचभर सरकला की ८०० नोंदी) आणि सेन्सिटिव्हिटी ३ असेल तर पूर्ण फेरीला सुमारे ५४५५ नोंदी, म्हणजे ६.८ इंच, म्हणजे १७ सेंटिमीटर. सेन्सिटिव्हिटी २ केली तर २६ सेंटिमीटर. या गेममध्ये पाठीमागे सारखं वळावं लागतं, त्यामुळे २० ते ३० सेंटिमीटर बहुतेकांना जमतं. लांबून नेम धरण्याच्या आधुनिक गेमसाठी ठेवलेलं ५० सेंटिमीटर इथे हात दुखवेल.

ऑपरेटिंग सिस्टीममधलं पॉइंटर ॲक्सिलरेशन बंद ठेवा किंवा गेममध्ये ‘रॉ इनपुट’ चालू करा. डूमच्या जुन्या धाटणीच्या पोर्टमध्ये माउस पुढे ढकलला की खेळाडूच पुढे चालू लागतो. हा बिघाड नाही, मूळ गेम तसाच होता. सेटिंगमध्ये माउसची उभी हालचाल बंद करण्याचा पर्याय शोधा.

बंदुकांच्या आकडेकळा तशाच सोडू नका. ६ आणि ७ पर्यंत बोट नेताना डी (उजवीकडे सरकायची कळ) सुटते आणि नेमकं तेव्हाच रॉकेट लागतं. रोजच्या चार बंदुका क्यू, ई, आर, एफ आणि माउसच्या बाजूच्या बटणांवर घ्या.

जुना चेहरा आहे, मग जुन्या लॅपटॉपवर चालेल ना?

गृहीत धरू नका. प्रोडियस आणि सेलॅको दिसायला पिक्सेलचे आहेत, पण प्रकाश, कण आणि सावल्यांचं काम आधुनिक आहे. युनिटी आणि अनरिअलवरचे गेम जोडीव (प्रोसेसरमध्येच असलेल्या) ग्राफिक्सवर चालतात, पण बहुधा रिझोल्यूशन उतरवून. हे गेम ठोकळेबाजच असल्यामुळे रिझोल्यूशन कमी केल्यानं फार बिघडत नाही, हा त्यांचा फायदा.

डूमच्या मोठ्या मॅपमध्ये अडचण वेगळी असते. हजारो राक्षसांचा हिशेब प्रोसेसरच्या एकाच कोअरवर होतो. ग्राफिक्स कार्ड कितीही महाग असो, उपयोग नाही. अशा मॅपसाठी जीझेडडूमऐवजी डीएसडीए-डूम हा पोर्ट वापरा.

मूळ डूम आज कसा खेळायचा?

दोन गोष्टी लागतात: सोर्स पोर्ट, म्हणजे चालवणारा प्रोग्राम, आणि आयवॅड, म्हणजे मूळ गेमची माहिती असलेली फाइल. डूमचा सोर्स कोड १९९७ साली खुला झाला, म्हणून पोर्ट फुकट आहेत. आयवॅड विकत घेतलेल्या गेमच्या फोल्डरमध्ये असते. ती उचलून पोर्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. पैसे घालायचे नसतील तर फ्रीडूम घ्या. त्यातली चित्रं, आवाज, मॅप सगळं नव्यानं बनवलेलं आणि मुक्त परवान्याचं आहे, आणि डूम २ चे बरेच मॅप त्यावर चालतात.

बाहेरचा मॅप, म्हणजे पीवॅड, चालवायचा तर ती फाइल पोर्टच्या प्रोग्रामवर ओढून सोडा. मॅप उघडला नाही, चित्राऐवजी उद्गारचिन्हं किंवा रंगीत पट्टे दिसले, तर बहुतेक वेळा आयवॅड चुकीची निवडलेली असते: मॅप डूम २ चा आणि तुम्ही चालवलात पहिला डूम.

मॅप उघडतो, पण दारं उघडत नाहीत किंवा गेम मध्येच बंद पडतो. का?

सुसंगततेची पातळी जुळत नाही. प्रत्येक मॅपसोबत एक टेक्स्ट फाइल येते, तिच्यात तो कशासाठी बनवला ते लिहिलेलं असतं. डीएसडीए-डूममध्ये हे ‘कॉम्पलेव्हल’ आकड्यानं सांगायचं: मूळ डूम २ साठी २, अल्टिमेट डूमसाठी ३, बूमसाठी ९, एमबीएफसाठी ११, एमबीएफ२१ साठी २१ (शेवटचे तीन म्हणजे डूमचे नंतर वाढवलेले नियमसंच). बूमचा मॅप चॉकलेट डूममध्ये उघडू नका. तो मूळ मर्यादा जशाच्या तशा पाळतो, आणि नजरेच्या टप्प्यात १२८ पेक्षा जास्त व्हिजप्लेन (जमीन-छताचे काढायचे तुकडे) आले की गेम कोसळतो. मूळ गेमही तसाच कोसळायचा.

मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेला बदल) अपडेट केल्यावर जुने सेव्ह उघडत नाहीत, हेही नेहमीचं. अर्धवट खेळलेला मॉड पूर्ण होईपर्यंत अपडेट करू नका.

क्वेकमध्ये राक्षस झटके देत हलतात. कॉम्प्युटर मंद आहे का?

नाही. क्वेकच्या मॉडेलची ॲनिमेशन सेकंदाला १० चौकटींची आहे. बहुतेक पोर्टमध्ये ‘इंटरपोलेशन’ चालू केलं की मधल्या अवस्था भरल्या जातात. काहींना मूळचा झटकाच आवडतो, आणि त्या मातकट, कुजकट जगाला तो शोभतोही. लिफ्टवर उभं राहिल्यावर खेळाडू थरथरत असेल किंवा मार बसत असेल तर मात्र फ्रेम रेट पाहा. मूळ इंजिनाची कमाल मर्यादा सेकंदाला ७२ फ्रेमची होती आणि हालचालीचं गणित फ्रेमला बांधलेलं. जुन्या पोर्टमध्ये ७२ ची मर्यादा घाला, किंवा दोन्ही वेगळे करणारा नवा पोर्ट घ्या.

कुठल्या पातळीवर खेळावं? आणि सारखं सेव्ह करणं म्हणजे लबाडी का?

मधल्या किंवा मधल्याच्या एक वरच्या पातळीवर सुरुवात करा. फार सोप्या पातळीवर शत्रू इतके कमी असतात की बंदूक बदलायची गरजच पडत नाही आणि गेम सपाट वाटतो. डूमची शेवटची ‘नाइटमेअर’ पातळी मुद्दाम अन्यायकारक आहे: मेलेले राक्षस परत उठतात आणि त्यांचे गोळे वेगवान होतात.

सेव्ह कितीही करा. पण लढाईच्या मधोमध, पाच हेल्थ असताना क्विकसेव्ह मारलंत तर त्या एकाच फायलीत अडकून पडाल, म्हणून दोन जागा आलटूनपालटून वापरा. रॅथनं सेव्ह करण्यासाठी मोजक्या वस्तू ठेवून यावर उपाय शोधला. कल्पना चांगली, पण वेळ कमी असलेल्या माणसाला जाचक.

गेमपॅडवर खेळता येतात का?

डूम छान जमतो, कारण वरखाली नेम गेम स्वतःच धरतो. क्वेक कसाबसा. अल्ट्राकिलसारख्या अतिवेगवान गेममध्ये माउसच घ्या.

स्वतःचा मॅप बनवायचाय. सुरुवात कुठून?

डूमसाठी अल्टिमेट डूम बिल्डर, क्वेकसाठी ट्रेंचब्रूम, दोन्ही मोफत. डूम सोपा, कारण नकाशा वरून काढायचा असतो आणि एका खोलीवर दुसरी खोली येतच नाही. पहिला मॅप तीन खोल्या, एक किल्ली, एक दार इतकाच ठेवा.

काही मापं पाठ असावीत. डूमचा खेळाडू ३२ युनिट रुंद आणि ५६ उंच असतो आणि २४ पर्यंतची पायरी चढतो. क्वेकमध्ये हीच पायरी १८. मॅनक्युबस या लठ्ठ राक्षसाची रुंदी ९६ आहे. त्याला ९६ च्याच बोळात सोडलंत तर तो जागेवर गोठतो आणि नवशिक्यांना वाटतं राक्षस बिघडला. १२८ किंवा जास्त जागा द्या.

दारूगोळ्याचा हिशेब कागदावर करा. शॉटगनच्या काडतुसातून ७ छर्रे सुटतात, प्रत्येकी सरासरी १० इजा, म्हणजे ७०. समजा २० इम्प (प्रत्येकी ६०) आणि ४ पिंकी (प्रत्येकी १५०) ठेवले. एकूण १८००, म्हणजे २६ काडतुसं. पण छर्रे पसरतात आणि नेम चुकतो, म्हणून दीडपट धरा: ४० च्या आसपास, म्हणजे २० काडतुसांचे दोन खोके. दोन्ही पहिल्याच खोलीत ठेवू नका. एक अशा जागी ठेवा जिथे पोचायला खेळाडूला आडोसा सोडून उघड्यावर धावावं लागेल. मग फक्त पिस्तूल हातात घेऊन मॅप सुरुवातीपासून खेळा. मागच्या लेव्हलच्या बंदुका घेऊन चाचणी केली तर काडतुसं कुठे कमी पडतात ते कधीच कळणार नाही.